घरच्या स्कॅनरवर फोटो स्कॅन करताय? आधी डीपीआयचा हिशोब शिका



स्कॅनिंगचं काम घरातून सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, कोणतं मशीन घेऊ?’ मशीनचं नंतर बघू, आधी डीपीआय समजून घ्या. कारण गिऱ्हाईक रोज सातबारा आणि मार्कशीट आणेल, पण एखाद्या दिवशी वडिलांचा एकुलता एक फोटो घेऊन येईल. वर्षश्राद्धाला मोठी फ्रेम करायची असते, निगेटिव्ह कुठे आहे ते घरात कोणालाच माहीत नसतं. तो फोटो कागदाच्या सेटिंगवर स्कॅन केलात, तर फ्रेममध्ये चेहरा धुरकट येणार.

डीपीआय म्हणजे मशीन एका इंचात किती ठिपके वाचतं तो आकडा. समजा फोटो २ बाय ३ इंचाचा आहे. ३०० डीपीआयवर स्कॅन केलात तर ६०० बाय ९०० ठिपके मिळाले. चांगल्या छपाईला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात, म्हणजे या फाईलमधून पुन्हा २ बाय ३ चाच फोटो नीट निघेल. गिऱ्हाईकाला हवी ८ बाय १२ ची फ्रेम, म्हणजे चौपट. मग स्कॅनही चौपट, १२०० वर. फोटो किती पट मोठा करायचाय ते आधी विचारा, त्या आकड्याला ३०० ने गुणा. झालं!

दोन गोष्टी मात्र गिऱ्हाईकाला आधीच सांगून टाका. मूळ फोटोच हललेला असेल तर डीपीआय वाढवून काही होत नाही. आणि जुना दाणेदार कागद असेल, तर जास्त डीपीआयवर ते दाणेही मोठे दिसतात. मशीन घेताना खोक्यावर ‘ऑप्टिकल’ रिझोल्यूशन किती लिहिलंय तेच बघा. ‘इंटरपोलेटेड’चा आकडा कितीही मोठा असो, त्यातले जास्तीचे ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात.

जुना फोटो नेहमी काचेवरच ठेवा, वरच्या फीडरमधून कधीच घालू नका. अडकला, फाटला, तर भरून काय देणार? काचेवर लिक्विड थेट मारू नका, मऊ कापडावर घेऊन पुसा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. उजेडात मोबाईलने सरळ फोटो घ्या, काचेत चमक येणार नाही एवढं बघा.

स्कॅन झाल्यावर पहिली फाईल टिफमध्ये सेव्ह करा आणि तिला हात लावू नका. रंग, डाग, सुरकुत्या हे सगळं काम कॉपीवर. जेपेग दर वेळी नव्याने सेव्ह केली की थोडी थोडी खराब होत जाते. गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर देताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवलात तर साईज कमी होऊन जाते.

कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरे. ऑनलाईन फॉर्मला कमी केबीची फाईल लागते म्हणून काही जण स्कॅनच ७५ वर करतात, मग शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज परत येतो. आधी ३०० वर स्वच्छ स्कॅन, मग फाईल छोटी करा. जाड पासबुक असेल तर शिवणीजवळची अक्षरं पुसट येतात, कारण घरगुती स्लिम स्कॅनरला काचेपासून जरा उचललेलं नीट दिसत नाही. हाताने हलकं दाबून धरा.

आधार, पॅन, पासबुक यांचं काम संपलं की फाईल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. डाऊनलोड फोल्डर रोज संध्याकाळी तपासा, तिथेच सगळ्यात जास्त पडून राहतं. फोटोच्या बाबतीत उलटं: गिऱ्हाईकाला विचारून टिफ फाईल महिनाभर ठेवा. फ्रेम घरी लागली की आत्या म्हणते मला पण एक, काका म्हणतात गावच्या घरासाठी अजून एक काढ.