बाई, बुद्ध चीनचा का?



सहावीच्या इतिहासात जैन आणि बौद्ध धर्माचा पाठ आहे. तो शिकवायला घेतला त्या दिवशी सवयीप्रमाणे आधी विचारलं, "बुद्ध कोण, कुणाला माहितीय?" एकजण लगेच उठला. "बाई, तो पोटवाला. चीनचा. आमच्या शेजारच्या दुकानात आहे ना, दोनशे रुपयाला!"

वर्ग हसला, मीही हसले. पण विचार केला तर मुलाचं काही चुकलं नव्हतं. माथेरानच्या बाजारात चपला, चिक्की आणि मधाच्या बाटल्यांशेजारी लाफिंग बुद्धा मांडलेला असतो. रोज तोच दिसतो. माझ्या वर्गातल्या दोन बौद्ध घरांतल्या मुलांना मात्र राग आला. "आमच्या घरात फोटो आहे, तो असा नाहीये," त्यातली एक म्हणाली. झालं, पाठ बाजूला राहिला आणि वाद सुरू झाला.

मग खरं काय ते सांगितलं. दुकानातला तो जाडा, हसरा माणूस म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई नावाचा चिनी भिक्खू, दहाव्या शतकातला, खांद्यावर झोळी घेऊन फिरणारा. चीनमध्ये लोक त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार मानतात. गौतम बुद्ध त्याच्याआधी हजार वर्षांहून जास्त काळापूर्वी आपल्या देशात होऊन गेले. "मग चीनमध्ये कसे पोचले?" हा पुढचा प्रश्न आलाच.

इथे मला लोयांग शहरातल्या श्वेताश्व मंदिराची गोष्ट उपयोगी पडली. हे चीनमधलं पहिलं बौद्ध मंदिर मानतात. परंपरेने त्याची स्थापना इसवी सन 68 ची. हान घराण्यातल्या मिंग सम्राटाला स्वप्नात सोनेरी पुरुष दिसला, त्याने पश्चिमेकडे दूत पाठवले, आणि ते काश्यप मातंग व धर्मरत्न या दोन भिक्खूंना घेऊन परतले. ग्रंथ लादले होते पांढऱ्या घोड्यावर. म्हणून मंदिराला घोड्याचं नाव. दारात दगडी घोडे आहेत आणि त्या दोन भिक्खूंच्या समाध्याही आवारातच आहेत. 2010 साली आपल्या तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याच परिसरात भारतीय शैलीच्या बौद्ध मंदिराचं उद्घाटन केलं. त्याची घडण सांचीच्या स्तूपावरून घेतली आहे.

आमच्या मुलांना राष्ट्रपतींपेक्षा घोडा जास्त भावला. इथे खासगी मोटारगाड्या चालत नाहीत, दस्तुरीपासून सामान घोड्यावर येतं, निम्म्या वर्गाच्या घरी घोडा. "ग्रंथांचं वजन किती असंल? दोन घोडे लागले असतील बाई, एक थकतो." यावर दहा मिनिटं चर्चा झाली. मी थांबवली नाही.

लोयांगला काही आपण जाऊ शकत नाही. पण कोंढाण्याला जाऊ शकतो! कर्जतजवळची ही लेणी राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहेत, आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात. म्हणजे लोयांगच्या मंदिराहून जुनी. हे फळ्यावर कालरेषा काढून दाखवलं तेव्हा मुलांना पटेना.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलो. दस्तुरीपर्यंत पायी, खाली नेरळ, लोकलने कर्जत, तिथून टमटमने कोंदिवडे आणि पुढे जंगलातली वाट. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा पडतो, फोटो छान येतात, पण लहान मुलं घेऊन तेव्हा जाऊ नका. दगड फार निसरडे होतात.

चैत्यगृहासमोर पोचल्यावर मुलांनी न सांगता चपला काढल्या. आत गेल्यावर पहिला प्रश्न त्या बौद्ध मुलीचाच. "बाई, मूर्ती कुठाय?" मूर्ती नाही. त्या काळात बुद्धाची मूर्ती करत नसत, स्तूपाला वंदन करत. इथला स्तूप बराच झिजलाय, खांबही पुष्कळ तुटलेत. ती थोडी हिरमुसली, मग स्तूपाला हात जोडून आली. बाहेरच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम मात्र बघण्यासारखं आहे. लाकडी घराचे वासे, सज्जे जसेच्या तसे दगडात काढलेत. शेजारच्या विहारात भिक्खूंच्या खोल्या आणि झोपायला दगडी ओटे. घाटातली जुनी वाट, वर कार्ले-भाजे, खाली कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरं. व्यापारी येत-जात, दान देत, त्यातून अशी लेणी उभी राहत.

दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतला लेख आहे: कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा शिष्य बलक याने केलं. ब्राह्मीतला 'क' अगदी अधिकच्या चिन्हासारखा असतो, हे मी शाळेतच शिकवलं होतं. "या लेखात 'क' किती?" असं विचारलं की मुलं चिन्हं शोधत बसतात. तीन आहेत, त्यातल्या एकाला मात्रा आहे.

आणि तेवढ्यात तो प्रकार झाला. एक मुलगा, वर्गात फारसा न बोलणारा, विहारात खडा घेऊन भिंतीवर नाव कोरत होता. दोन अक्षरं झालीही होती. आजूबाजूला मोठ्या माणसांची नावं, बदाम, तारखा होत्याच. मी जोरात ओरडले. लेणं संरक्षित आहे, हा गुन्हा आहे, सगळं बोलले. तो खाली बघून म्हणाला, "बलकानं पण लिहिलंय की."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. सगळ्यांसमोर एवढं ओरडायला नको होतं असंही वाटलं. शेवटी घोड्यांची चर्चा करणाराच एकजण बोलला, "अरे, त्यानं आधी सगळं केलंय ना! तू काय केलंस?" दुसरी म्हणाली, "आणि गुरुजींचं नाव पयलं टाकलंय." मुलगा गप्प. परतीच्या लोकलमध्येही तो खिडकीकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला एक काम दिलं. स्वतः केलेली एक वस्तू आणायची आणि खाली बलकासारखी चिठ्ठी लावायची: कुणाकडून शिकलो, मग आपलं नाव. भाकरी आली, मातीचा बैल आला, विणलेली टोपली आली. तो मुलगा घासून चकचकीत केलेली घोड्याची जुनी नाल घेऊन आला. नाल ठोकायला काका शिकवतात म्हणाला. चिठ्ठीवर काकांचं नाव मोठं, स्वतःचं बारीक, आणि 'क' दोन्हीकडे अधिकच्या चिन्हाने काढलेला.