तारकर्लीला निघण्याआधी घड्याळाविषयी

शिवरे, ता. भोर

चि. पुतण्यास,

विहिरीत पोहायला शिकलेलं घरचं पोर तारकर्लीला स्कूबाचा रीतसर कोर्स करणार, याचा इथे सगळ्यांना आनंद आहे. घड्याळ कुठलं घ्यावं असं विचारलंस. दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं वाचून घे.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक हौसेची बुडी मारतात, तिला घड्याळ लागतच नाही. प्रशिक्षक धरून खाली नेतो, वेळही तोच पाहतो. एमटीडीसीच्या तारकर्लीच्या संस्थेत शिकणाऱ्याचं तसं नाही. पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र मिळालं की जोडीदाराबरोबर, स्वतःच्या जबाबदारीवर, १८ मीटरपर्यंत उतरता येतं. तिथे श्वासातला नायट्रोजन दाबामुळे अंगात मुरत जातो. किती मुरला, हे खोली आणि वेळ यांवर ठरतं. हा हिशेब हल्ली मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो, आणि पैसे मोजकेच असतील तर आधी तोच घ्यावा. पण ऐनवेळी त्याचा सेल संपला तर खाली येऊन किती मिनिटं झाली, हे साध्या घड्याळानेच सांगायचं असतं. त्याचं काम एवढंच, आणि निवडताना त्याच कामावर नजर ठेवावी.

तबकडीवरचा आकडा भल्याभल्यांना फसवतो. '३० मीटर' लिहिलेलं घड्याळ ३० मीटर खोल न्यायचं नसतं. हात धुताना, पावसात शिंतोडे उडाले तर ते टिकेल, इतकीच ती ग्वाही. रोजच्या वापरातल्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे. त्यात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली तरी चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ तपासावं लागतं, तेही लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जादा दाबाखाली. त्यात उतरलेल्या घड्याळावर 'डायव्हर्स' हा शब्द आणि खोलीचा आकडा असतो. तो शब्द आणि २०० मीटर, एवढं पुरे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे १८ मीटरवर जादा दाब दोन वातावरणंसुद्धा भरत नाही. मग हजार मीटरच्या आकड्यासाठी खिसा कशाला रिकामा करायचा? घड्याळात शिरलेला हेलियम बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचंही तेच. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात दिवसच्या दिवस हेलियममिश्रित हवेच्या दाबकोठडीत राहून काम करणारे पाणबुडे असतात. ती सोय त्यांच्यासारख्यांची.

खरा जीव बेझलमध्ये, म्हणजे तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यात आहे. १९५३ साली ब्लाँपँचं 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचं 'सबमरिनर' घडलं, तेव्हापासून हे कडं पाणबुड्यांच्या घड्याळाची ओळख आहे. पाण्यात शिरताना मिनिटकाटा २५ वर असेल, तर कड्यावरचा त्रिकोण फिरवून त्याच्यासमोर आणायचा. काटा ५० वर पोचला की त्याच्यासमोर कड्यावर २५ दिसतात. तितकी मिनिटं झाली. हे कडं एकाच बाजूला, काट्यांच्या उलट्या दिशेने फिरणारं हवं. टाकीचा धक्का लागून ते सरकलं, तरी वेळ गेली त्यापेक्षा जास्तच दिसते आणि माणूस लवकर वर येतो. दोन्हीकडे फिरणारं कडं हाच धक्का लागून वेळ कमी दाखवू शकतं, आणि ते जिवावर बेततं.

दुकानात हात ओले करून कडं फिरवून पाहावं. प्रत्येक टकटक बोटाला जाणवली पाहिजे. मग अंधारात, वीतभराहून जरा जास्त अंतरावरून, मिनिटकाटा तासकाट्यापासून वेगळा ओळखू येतो का ते पाहावं. मानकातही अंतर २५ सेंटिमीटरच आहे. लाल काट्यांच्या मोहात पडू नये. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, आणि मालवणचं पाणी गढूळ असलं तर पांढरा रुंद काटाच कामाला येतो.

चावी स्क्रूसारखी आवळून बसणारी असावी. पाण्याखाली तिला हात लावायचा नाही. चामड्याचा पट्टा बाद. खोलीवर पाणबुड्याचा अंगातला सूट दाबला जाऊन पातळ होतो आणि पट्टा सैल पडतो, म्हणून सायकोने १९७५ मध्ये वळ्यावळ्यांचा, आपोआप आखडणारा रबरी पट्टा काढला. सिटिझनच्या प्रोमास्टर मालिकेत प्रकाशावर चालणारी, 'डायव्हर्स' लिहिलेली घड्याळं मिळतात; सेलसाठी झाकण वारंवार उघडावं लागत नाही. कॅसिओचं ड्यूरो स्वस्त आणि दणकट आहे, २०० मीटरचंही आहे, पण 'डायव्हर्स' हा शब्द त्याच्यावर नाही. बुडीनंतर गोड्या पाण्याने धुणं आणि झाकण उघडलं की नवा वॉशर घालून दाबचाचणी करून घेणं, यात मात्र कुचराई चालत नाही.

आता परतीचं. कोकणातल्या मुलांना ही चिंता नसते, शिवऱ्याच्या मुलाला आहे, कारण घरी यायला घाट चढावा लागतो. अंगात उरलेला नायट्रोजन उंचावर दाब कमी झाला की बुडबुडे करतो. म्हणून अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबावं, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस आहे. वाटेतली आंबोली साधारण ६९० मीटर उंच आहे, त्यामुळे घाटालाही तोच हिशेब लावलेला बरा. शेवटची बुडी सकाळी ११ ला संपली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत गाडी घाटाला लावू नये. तिकीट काढतानाच एक मुक्काम जादा धर. घरी तसं सांगून ठेवलं आहे.

तुझा,
काका