वृक्षारोपणाच्या योजनेची परीक्षा कशी करावी

सर्व उदार सज्जनांस विठ्ठलवाडीहून आमची सविनय विनंति आहे कीं, दुष्काळी गांवांत झाडें लावण्यासाठीं द्रव्य देण्यापूर्वीं हे चार शब्द वाचावे. अन्नछत्रास दिलेला रुपया त्याच दिवशीं फळतो; झाडास दिलेला रुपया दहा वर्षांनीं फळतो, अथवा पहिल्याच वणव्यांत जळून जातो.

झाड हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून लांकूड घडवितें, व पृथ्वीची वाढती उष्णता तितक्या अंशीं आवरतें. वाळलेल्या लांकडाच्या वजनाचा सुमारें अर्धा भाग कार्बन असतो, आणि एक किलो कार्बन म्हणजे हवेंतून काढलेला सुमारें ३.६७ किलो वायु. यावरून १०० किलो कोरडें लांकूड धरणारें झाड सुमारें १८३ किलो वायु बांधून ठेवितें. तें जळालें कीं वायु पुनः हवेंत जातो.

उदाहरणास दूर जावयास नको. अंबरनाथ तालुक्यांत मांगरूळ येथें २०१७ सालीं सुमारें एक लाख रोपें लाविलीं गेलीं. पुढें वणव्यांत त्यांतील हजारों जळालीं. आमच्या ठाणें जिल्ह्यांत पाऊस विपुल, तरी दिवाळीनंतर डोंगरावरील गवत वाळून ठिणगीची वाट पाहतें. मग माणदेशासारख्या कोरड्या मुलुखांत किती सावध असावें! राज्यानें २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ४, १३ व ३३ मिळून ५० कोटी रोपांचा संकल्प केला होता. पण लाविलेल्यांचा आंकडा म्हणजे जगलेल्यांचा आंकडा नव्हे.

म्हणून पांच प्रश्न विचारावे. तेथें पूर्वीं काय होतें? चांगलें गवताळ रान खणून झाडें लावणें हा तोटाच. गवताच्या मुळांशीं मातींतही कार्बन असतो, व गुरांचा चाराही तोच. योजना नसती तर तेथें झाडें आपोआप वाढलीं असतीं काय? तिसऱ्या उन्हाळ्याअखेर किती जगलीं? चराई व सरपण बंद झाल्यावर गुरें व मोळ्या शेजारच्या डोंगरावर गेल्या काय? जाळरेषा काढून राखण कोण करील, व तिची मजुरी कोठून येईल?

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतः ठरवून पाळली, व जोडीस पाणी अडविलें. म्हणून तेथील डोंगर हिरवा झाला. जेथें गांव राखणदार नाहीं, तेथें रोप पोरकें होय.

आमच्या हातूनही चूक घडली आहे. मागील एका वृत्तांतांत आम्हीं लाविलेल्या रोपांची संख्या अभिमानानें छापिली; जगलेल्यांची मोजिली नाहीं. यापुढें तीन उन्हाळे मोजल्यावांचून आंकडा छापणार नाहीं. दात्यांनीं रोपाच्या किंमतीबरोबर राखणदाराची तीन वर्षांची मजुरीही द्यावी, आणि आम्हांस हिशेब विचारावा, हीच प्रार्थना.