कल्पित युद्धनौकेची घडण आणि कारकीर्द : ‘आज्ञापत्र’ व राजगड-तोरणा यांच्या संदर्भात

१

विज्ञानकथेच्या जागतिक परंपरेत अंतराळातील युद्धनौका ही केवळ घटनांची पार्श्वभूमी राहिलेली नाही. तिची लांबीरुंदी, शस्त्रसामग्री, तिच्या जातीतील इतर नौका, त्यांनी लढलेल्या लढाया आणि त्यांचा शेवट यांची नोंद करणारे कल्पित दस्तऐवज स्वतंत्रपणे लिहिले व वाचले जातात. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९७५ मध्ये तिच्यातील नौकांची तांत्रिक माहिती देणारे पुस्तकही निघाले. अशा लेखनात कथानक जवळजवळ नसते. तरीही वाचकाचा त्यावर विश्वास बसतो. हा विश्वास कशातून निर्माण होतो आणि मराठी गद्यपरंपरेत त्याला जवळचे असे काही आढळते काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी विज्ञानकथेची वाट बरीचशी वेगळी राहिली. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी लिहिली. तेव्हापासून विज्ञानकथेच्या मुख्य प्रवाहात एखादी शास्त्रीय कल्पना आणि तिचे मानवी परिणाम यांनाच केंद्रस्थान मिळाले. अंतराळातील आरमाराचे तपशीलवार वर्णन या प्रवाहाने फारसे केले नाही. त्यामुळे असे वर्णन मराठीत परकेच वाटणार, असा समज होतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. १९७४ मध्येच जपानमध्ये आलेल्या एका चित्रमालिकेत, १९४५ साली बुडालेली ‘यामातो’ ही युद्धनौका अंतराळयान होऊन पुन्हा उभी राहते. कल्पित नौका आपल्या भाषेच्या व समाजाच्या युद्धस्मृतीतून घडते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. मराठीपुरते बोलायचे तर ही स्मृती दोन ठिकाणी साठलेली आहे : आरमारात आणि गडांत.

२

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’चा काळ सामान्यतः १७१५ हा मानला जातो. त्यात दुर्ग व आरमार या दोहोंविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत. अभ्यासक्रमात हा ग्रंथ बहुधा राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचला जातो. त्यातील घडणीचे वर्णन मात्र दुर्लक्षित राहते.

आरमाराच्या प्रकरणात कोणत्याही एका नौकेचे नाव नाही. आहे तो नौकेचा प्रकार. गुराबा फार मोठ्या नसाव्यात, फार लहानही नसाव्यात. मध्यम व चपळ असाव्यात, असा तेथे आग्रह आहे. वाऱ्यावाचून हलू न शकणारी थोर जहाजे बाळगण्याचे प्रयोजन नाही, असेही सांगितले आहे. पुढे पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा आणि सर्वांवर सरसुभा अशी रचना येते. खर्चासाठी मुलूख नेमून द्यावा, तो बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण त्यामुळे सावकारांना उपद्रव होतो, असा विचार मांडला आहे. लाकूड कोणते तोडावे, रयतेची आंब्या-फणसाची झाडे का राखावीत, पावसाळ्यात नौका कोठे ठेवाव्यात, वारा प्रतिकूल झाल्यास किल्ल्याचा आश्रय कसा घ्यावा, हेही तपशील आहेत.

या वर्णनाचे मर्म त्याच्या नकारांत आहे. नौका काय करू शकते यापेक्षा ती काय करू शकत नाही, तिला काय लागते आणि ते कोणाकडून घ्यायचे नाही, यावर लेखकाची दृष्टी खिळलेली आहे. सर्व काही साधणारी नौका वाचकाला चकित करते, पण पटत नाही. जिला वारा, लाकूड, पैसा आणि निवारा यांची गरज आहे, ती पटते. कल्पित युद्धनौकेच्या वर्णनालाही हाच नियम लागू पडतो.

३

‘आज्ञापत्रा’तील गुराबेला घडण आहे, पण कारकीर्द नाही. कारकिर्दीसाठी वेल्हे व भोर या भागांतील गडांकडे वळावे लागते.

राजगडाची रचना एखाद्या नौकेच्या आराखड्यासारखी वाचता येते. मध्ये बालेकिल्ला आणि त्याभोवती पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. पाली, गुंजवणे व अळू हे निरनिराळ्या बाजूंचे दरवाजे. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी असून दोन तटांमधून वाट ठेवलेली आहे. बाहेरचा तट पडला तरी आतला लढता राहतो. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष होय, हे ‘आज्ञापत्रा’तील सूत्र येथे दगडात उभे राहिलेले दिसते.

या गडांच्या कारकिर्दी मात्र सारख्या नाहीत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना गेले. राजगड व तोरणा स्वराज्यात राहिले. भोरजवळचा रोहिडा द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत मिळाला. पुढे राजधानी राजगडावरून रायगडावर गेली. १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड व तोरणा दोन्ही घेतले आणि त्यांना नवी नावे दिली; शिवकाळात ‘प्रचंडगड’ झालेला तोरणा आता ‘फुतूहुल्गैब’ झाला. काही वर्षांतच दोन्ही गड मराठ्यांकडे परतले आणि कालांतराने पंत सचिवांच्या भोर संस्थानात राहिले. १९४८ मध्ये ते संस्थानही विलीन झाले.

येथे लक्षात येते की, कारकीर्द म्हणजे विजयांची यादी नव्हे. तह, हस्तांतर, नामांतर, राजधानीपद जाणे आणि उपयोग संपणे, या क्रमाने गडाला आयुष्य प्राप्त होते. विजयाइतकीच हानीचीही नोंद असेल तरच सेवेचा वृत्तान्त विश्वसनीय ठरतो.

४

या विवेचनातून दोन गोष्टी हाती येतात. एक, कल्पित युद्धनौकेचे दस्तऐवजी वर्णन हा रूपबंध मराठीला परका नाही. त्याची घडण ‘आज्ञापत्रा’त आणि कारकीर्द गडांच्या इतिहासात उपलब्ध आहे. दोन, त्यासाठी लागणारी परिभाषाही तयार आहे. सुभा, सरसुभा, माची, बालेकिल्ला, पडकोट, दिंडी हे शब्द रचना व अधिकार यांचे नेमके भेद दाखवतात. अंतराळनौकेच्या दुहेरी कवचाला संजीवनीच्या तटाचा दाखला देता येईल आणि नौकांच्या पथकाला सुभा म्हणता येईल. हे शब्द शोभेसाठी वापरले तर ते पोशाखी ठरतील. त्यांच्यामागचा गरजांचा व मर्यादांचा विचार सोबत आला तरच ते जिवंत राहतील. अध्यापनात ‘आज्ञापत्रा’ची ही दोन प्रकरणे विज्ञानकथेच्या शेजारी ठेवून वाचली, तर जुन्या गद्याकडे आणि नव्या वाङ्मयप्रकाराकडेही पाहण्याची एक उपयुक्त दिशा विद्यार्थ्यांना मिळू शकेल.