बंद दालनाचे उघडे दार

'चेंबर' म्हणजे खोली. खोलीत वा लहान दालनात मावेल असा, साधारण १५ ते ४० वादकांचा वाद्यवृंद म्हणजे चेंबर ऑर्केस्ट्रा. परदेशातील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे असे वृंद आहेत व त्यांच्या मैफली आता इंटरनेटवरून थेट प्रक्षेपित होतात. २०२० साली करोनामुळे सभागृहे ओस पडली, तेव्हा श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा हाच मार्ग उरला होता.

या प्रक्षेपणाने काय साधले, हे कळण्यासाठी अडीचशे वर्षे मागे जाऊ. संगीतकार हायडन १७६१ पासून एस्टरहाझी घराण्याच्या पदरी होता. १७७२ साली प्रिन्स निकोलाउसचा उन्हाळी राजवाड्यातील मुक्काम लांबला. वादकांची बायकामुले दूर आयझेनश्टाटला होती. तेव्हा हायडनने ४५ व्या सिंफनीचा शेवट असा रचला की एकेका वादकाने वाजविणे थांबवून, मेणबत्ती विझवून निघून जावे. अखेर दोनच व्हायोलिने उरली. प्रिन्सला अर्थ उमगला व मुक्काम हलला, असे सांगतात. श्रोता समोर होता म्हणून हा सुरांचा अर्ज मंजूर झाला. मात्र त्या दालनात प्रवेश मोजक्यांनाच होता.

थेट प्रक्षेपणात नेमके उलट घडते. दार सर्वांना उघडते, पण श्रोत्याची दाद बाहेरच राहते. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोहोचले तरी ऐकणाऱ्याचे बिघडत नाही. वादकांचे तसे नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरला सेकंदाचा चौतिसावा भाग लागतो. एवढ्या उशिरानेही लय रेंगाळू लागते. म्हणून श्रोता दूर चालतो, वादकांना मात्र जवळजवळच बसावे लागते.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तिकीट काढून अशा मैफलीस जावे, तर पोशाख कसा असावा, टाळी केव्हा वाजवावी, याचाच धसका! सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळी वाजवीत नाहीत, हे मला मोबाइलच्या पडद्यावरच कळले. तेथे आपल्याला कोणी पाहत नसते, त्यामुळे शिकायला संकोच वाटत नाही.

परंतु कानांत इअरफोन घालून एकट्याने ऐकणे पुरेसे नाही, असे मला वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात महिन्यातून एखादी तरी मैफल पडद्यावर सर्वांनी मिळून ऐकावी. आपली दाद वादकांपर्यंत जाणार नाही हे खरे; पण शेजारी बसलेल्या मित्रापर्यंत तरी ती नक्की जाईल.