मोतीबिंदूपूर्वीचे मोजमाप : ध्वनीने की प्रकाशाने?

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी माझ्या आजीच्या दोन डोळ्यांची मापे दोन निराळ्या यंत्रांवर घेतली गेली, तेव्हा त्यामागील कारण समजून घ्यावेसे वाटले. त्या अभ्यासाचा हा सारांश.

गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली केला. भिंग किती शक्तीचे हवे, हे ठरवण्यासाठी मुख्यतः दोन मापे लागतात : बुबुळावरील पारदर्शक पटलाची वक्रता आणि डोळ्याची पुढून मागे लांबी. ही लांबी सरासरी २३.५ मि.मी. असते. १९८० च्या सुमारास पुढे आलेल्या एस.आर.के. सूत्रात तिला २.५ ने गुणतात; म्हणजे ०.४ मि.मी.ची चूक झाली, तर भिंगाची शक्ती १ डायॉप्टरने चुकते.

पहिली पद्धत ध्वनीची. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी डोळ्यात सोडतात आणि दृष्टिपटलावरून प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. भूल देणारा थेंब घालून सळई डोळ्याला टेकवावी लागते. हात किंचित जड पडला, तर डोळा दबतो, लांबी कमी भरते आणि गरजेपेक्षा जास्त शक्तीचे भिंग निवडले जाते. मग दूरचे अंधुक दिसते. डोळ्यावर पाण्याची छोटी वाटी बसवून मोजल्यास हा दोष टळतो.

दुसरी पद्धत प्रकाशाची. तिची यंत्रे १९९९ च्या सुमारास वापरात आली. रुग्णाने केवळ ठिपक्याकडे पाहायचे. अवरक्त किरण परतून जुळतात, त्यावरून लांबी कळते. स्पर्श नाही, आणि अचूकता ध्वनीच्या सुमारे दहापट.

मग जुने यंत्र कशाला? आजीचा उजवा डोळा प्रकाशाने मोजला गेला. डावा मात्र, "एकाने दिसतंय ना, मग कशाला खर्च?" म्हणत तिने कित्येक वर्षे दाखवलाच नव्हता. मोतीबिंदू इतका पिकला होता की किरण आत पोहोचेनात. ध्वनीला गढूळपणाची अडचण नसते. तंत्रज्ञ बाईंनी त्या डोळ्याची मापे पुन्हा पुन्हा घेतली, उजव्याशी ताडून पाहिली, तेव्हाच आकडा लिहिला.

नव्या यंत्रांचे किरण अधिक दाट मोतीबिंदूतूनही जातात. तरीही उशिरा येणाऱ्या रुग्णांसाठी ध्वनियंत्र ठेवावेच लागते. आजी आता डाव्या डोळ्याने एस.टी.ची पाटी वाचते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना मात्र वेळेवर न्यावे, एवढीच वाचकांस विनंती.