घराआधी जागा तयार करू या



शबरी आदिवासी घरकुल योजनेतून किंवा स्वतःच्या कमाईतून आपल्यापैकी अनेकांना घर बांधायचे आहे. विटा, सिमेंट, पत्रे यांचा हिशेब सगळेच करतात. जागेचा हिशेब मात्र राहून जातो. म्हणून या अंकातला धडा जागेविषयी.

मी शहागडजवळच्या वस्तीवर राहतो. धुळे-सोलापूर महामार्ग इथेच गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात जातो. वीस वर्षे मी बांधकामांवर मातीकाम केले, पण स्वतःच्या घराच्या वेळी घाई केली. जागेत खळगा होता. शेतातली काळी माती फुकट मिळाली म्हणून चार ट्रॉल्या आणून टाकल्या, फावड्याने सपाट केल्या आणि लगेच जोते बांधले. पहिल्या पावसाळ्यात फरशी फुगून वर आली. पुढच्या मे महिन्यात मागच्या कोपऱ्याला बोट जाईल एवढी भेग पडली. हप्ते संपले होते. घरची मंडळी म्हणाली, "लोकांच्या घरची माती धुमसता, आपल्याच घरची तेवढी राहिली बघा." तिचे खरे होते.

काळी माती अशी का वागते?

ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्याचे कारण हेच. कापसाला ही माती चांगली, पण घराखाली तीच दरवर्षी वर-खाली होते आणि भिंत तडकते.

पायरी १ : खड्डा खणून पाहा. जागेच्या दोन टोकांना खड्डे घ्या. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते मोजा. पाया मुरमावर टेकला पाहिजे. नदीकाठी काळी माती फार खोल असते. मुरूम लागलाच नाही, तर स्वतःच्या अंदाजाने पुढे जाऊ नका. पंचायत समितीच्या अभियंत्याला खड्डा दाखवा.

पायरी २ : जागा साफ करा. गवत, मुळ्या, शेणखत, कचरा आणि वरची भुसभुशीत माती काढा. मुळी कुजली की खाली पोकळी राहते. काढलेली माती परसबागेला वापरा, भरावाला नको.

पायरी ३ : आखणी आणि लेव्हल. खुंट्या ठोका, दोरी बांधा, फक्की टाका. कोपरा काटकोनात आहे का ते असे पाहा: एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले पाहिजे. लेव्हलसाठी पारदर्शक नळीत पाणी भरा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. झाडावर किंवा पक्क्या दगडावर एक खूण करा आणि सगळी मापे त्याच खुणेवरून घ्या.

पायरी ४ : भरावाचा हिशेब. समजा जोते २० फूट लांब, १४ फूट रुंद आणि भराव दीड फूट आहे. २० × १४ × १.५ म्हणजे ४२० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून ४.२ ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, त्यामुळे पाच ब्रासाहून थोडा जास्तच धरा. हा खर्च पहिल्या हप्त्यातच मांडा.

पायरी ५ : थराथराने दाबा. एकदम सगळा मुरूम ओतू नका. सहा इंचांचा थर पसरा, पाणी शिंपडा, धुम्मस मारा, मगच पुढचा थर. पाणी किती? मूठभर मुरूम आवळा. गोळा झाला आणि हाताला पाणी लागले नाही, तर बरोबर. गोळा झालाच नाही तर कोरडा आहे. हात ओला झाला तर पाणी जास्त झाले, थोडे सुकू द्या.

पायरी ६ : पाण्याला वाट द्या. भिंतीपासून बाहेर, दर दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार ठेवा. पत्र्याचे पाणी पायाशी पडू देऊ नका. माझ्या घराचा जो कोपरा तडकला, तिथेच पाणी साचत असे. आपला उतार शेजाऱ्याच्या दारात जात नाही ना, तेही पाहा. एकाने जागा उंच केली की खालच्याच्या घरात पाणी शिरते आणि वस्तीत भांडण लागते.

जिवाची काळजी

एक ब्रास मातीचे वजन चार टनांहून अधिक भरते. ती अंगावर आली तर ओढून काढायलाही वेळ मिळत नाही. छातीएवढ्या खोल चरात आधाराच्या फळ्यांशिवाय उतरू नका. काढलेली माती काठापासून तीन फूट लांब टाका. पाऊस पडून गेल्यावर आधी काठ तपासा. मुलांना चराजवळ खेळू देऊ नका.

मी पुढे तो कोपरा उकरला, काळी माती काढून मुरूम भरला आणि भिंत पुन्हा घेतली. सुरुवातीला केले असते तर आठ दिवस जास्त लागले असते. नंतर करायला दोन वर्षांची मजुरी गेली. तुमची ती वाचावी, एवढ्यासाठीच हे लिहिले.

वस्तीच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत कोणत्या भिंती तडकल्या आहेत? त्यांच्याजवळ पाणी साचते का?

२. १८ फूट लांब, १५ फूट रुंद आणि एक फूट उंच भरावाला किती ब्रास मुरूम लागेल?

३. पाच घरांनी मिळून धुम्मस, नळी आणि दोरी घेतली, तर प्रत्येकाचा किती खर्च वाचेल?